'मेरी' या शब्दाचा अर्थ

डिसेंबर उजाडला की कोल्हापुरातही दुकानांच्या काचांवर 'मेरी ख्रिसमस' ही अक्षरे झळकू लागतात. आपल्या घरी येणाऱ्या शुभेच्छापत्रांवरही तीच असतात. देवनागरीत हा शब्द प्रभूच्या मातेच्या इंग्रजी नावासारखाच दिसतो. त्याचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला जावा, असे आम्हांस वाटते.

आज या शब्दाला गाण्याबजावण्याचा, खाण्यापिण्याचा, क्वचित मद्याचाही वास येतो. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी विक्रीसाठी छापून घेतलेल्या नाताळच्या पहिल्या शुभेच्छापत्रावर हाच शब्द होता. मधल्या चित्रात पेले उंचावणारे कुटुंब होते. दोन्ही कडांना मात्र गरिबांना अन्न व वस्त्र देणारी माणसे होती. पेले तेवढे लक्षात राहिले.

याहून जुना दाखला २२ डिसेंबर १५३४ चा आहे. लंडनच्या टॉवरमधील कैदेतून बिशप जॉन फिशर यांनी राजमंत्री थॉमस क्रॉमवेल यांना पत्र लिहिले. अंगावर धड वस्त्र नव्हते, अन्न सोसत नव्हते. पापनिवेदनासाठी धर्मगुरू मिळावा, अशी विनंती होती. तरीही अखेरीस त्यांनी क्रॉमवेल यांनाच 'मेरी' नाताळ चिंतिला. पुढच्याच जूनमध्ये फिशर यांचा शिरच्छेद झाला; १९३५ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या लेखणीतील या शब्दाचा अर्थ मौज असणे शक्य नाही.

जुन्या इंग्रजीत हे विशेषण चित्ताला सुखावणाऱ्या कोणत्याही गोष्टीला लागत असे. मराठीत त्याच्या जोडीला काय ठेवावे? 'सुख' परिस्थितीवर अवलंबून. 'उल्लास' गाजावाजा मागतो. 'प्रसन्न' हा शब्द आम्हांस अधिक जवळचा वाटतो. सकाळ प्रसन्न असते, तशी मुद्राही. कोल्हापुरात लग्नपत्रिकेच्या माथ्यावर 'श्री अंबाबाई प्रसन्न' असे छापतात. तेथे प्रसन्नता दैवताची असते. माणसाचे समाधान आणि वरची कृपा या एकाच शब्दात नांदतात.

परका म्हणून इंग्रजी शब्द टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. परंतु ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा कोणी अंथरुणाला खिळले आहे, तेथे 'मेरी ख्रिसमस' म्हणताना जीभ अडखळते. 'आपला नाताळ प्रसन्न असो' असे तेथेही निःसंकोच म्हणता येते. शुभेच्छापत्रावर हे चार शब्द लिहून पाहावेत, एवढेच आमचे सुचविणे आहे.