सोपं केलं, पण कशाच्या जोरावर?

क्वांटम की डिस्ट्रिब्युशन, म्हणजे प्रकाशकणांवरून गुप्त किल्ली पाठवणं. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी ही पद्धत १९८४ साली मांडली ती आपल्या बंगळूरच्या परिषदेत. कणांच्या चार अवस्था, मोजण्याच्या दोन रीती. मधल्या चोराने प्रत्येक कण मोजून पुढे पाठवला, तर जुळलेल्या नोंदींत सुमारे २५ टक्के चुका होतात आणि चोरी कळते.

आता यंत्र सुटसुटीत हवं, म्हणून अवस्था कमी करायच्या. माझी हरकत त्याला नाही. 'निसर्गनियमच राखण करतात, मग यंत्र कसंही चालेल', या समजुतीला आहे.

बेनेट यांनीच १९९२ साली दोन अवस्थांवर काम भागवून दाखवलं. डोळ्यांना फार सुंदर! पण दोनच अवस्था असल्या, तर चोराला त्या कधीकधी खात्रीने ओळखता येतात. ओळखता आली नाही, की तो कण अडवायचा. फायबरमध्ये कण हरवतातच. त्यात ही चोरी खपून जाते.

मग तीन घ्या. एकाच कणाच्या अशा तीन अवस्था कुणालाच खात्रीने वेगळ्या ओळखता येत नाहीत. शिवाय २०१४ साली दाखवलं गेलं, की न जुळलेल्या, एरवी टाकून दिलेल्या नोंदीही हिशेबात धरल्या, तर तीन अवस्था चारांइतकंच काम देतात. जिनिव्हाच्या गटाने २०१८ साली तीन अवस्थांवरच ४२१ किलोमीटर फायबर गाठली. म्हणजे बघा, यंत्र सोपं झालं, पण हिशेब जास्त काटेकोर झाला.

आपले नैयायिक सांगतात, धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर. पण अग्नीवरून धुराचं नाही, कारण त्याला ओलं लाकूड लागतं. ही उपाधी. सुरक्षिततेच्या सिद्धतेलाही अशा उपाधी असतात. २०१० साली बाजारातल्या यंत्रांचे शोधक झगझगीत प्रकाशाने आंधळे करून, मागमूस न ठेवता किल्ली मिळवता येते असं संशोधकांनी दाखवलं. सिद्धता खोटी ठरली नव्हती. तिने गृहीत धरलेला शोधक त्या पेटीत नव्हता, इतकंच.

तेव्हा कुणी 'सोपी आणि सुरक्षित' म्हणालं, तर काय गाळलं एवढंच विचारून थांबू नका. गाळलेल्याचं काम आता कोण करतंय, तेही विचारा. उत्तर नसेल, तर ते सोपेपण नव्हे. ती उधारी आहे.