अनुदानाची अट आणि समुदायाचा विश्वास : सांगली-सातारा परिसरातील आरोग्यसंशोधनाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

आरोग्यविषयक संशोधनास मिळणाऱ्या अनुदानाची चर्चा महाविद्यालयीन वर्तुळात बहुधा रकमेपासून सुरू होते आणि रकमेपाशीच संपते. किती मंजूर झाले, किती हप्ते आले, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत सादर झाले की नाही, यापलीकडे ती सहसा जात नाही. अनुदान देणारा रकमेबरोबर आणखी काय पाठवितो आणि घेणाऱ्याकडून रकमेच्या मोबदल्यात आणखी काय मागतो, हा प्रश्न हिशेबाच्या तक्त्यात येत नाही. संशोधकास माहिती मिळवून देणारी संस्था जेव्हा ज्यांच्याविषयी माहिती हवी आहे त्यांचीच असते, तेव्हा मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. सांगली जिल्ह्यातील ‘संग्राम’ अर्थात संपदा ग्रामीण महिला संस्था आणि तिच्या कामातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. २००५ साली या संस्थेपुढे एक प्रतिज्ञापत्र आले आणि तिने ते नाकारले. त्या नकाराकडे आजवर प्रामुख्याने स्त्री-चळवळीच्या इतिहासातील घटना म्हणून पाहिले गेले आहे. संशोधनाच्या अर्थकारणातील घटना म्हणूनही तिचा विचार होणे आवश्यक आहे.

प्रतिज्ञापत्रापूर्वीची तेरा वर्षे

संग्रामचे काम १९९२ साली मीना शेषू यांच्या पुढाकाराने सुरू झाले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पाही त्याच वर्षीचा. पुणे-बंगळूर महामार्गावरील सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी ही गावे, मिरजेसारखे रेल्वे जंक्शन, सीमाभागातील देवदासी प्रथेचा वारसा आणि ऊसपट्ट्यातील हंगामी स्थलांतर यांमुळे हा प्रदेश एड्सच्या प्रादुर्भावाच्या दृष्टीने राज्यातील चिंतेच्या भागांत गणला जात होता. मिरजेत वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेल्या रुग्णालयापासूनची वैद्यकीय परंपरा होती, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. परंतु गोकुळनगरातील स्त्री सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन आपला व्यवसाय सांगेल आणि मनमोकळी उत्तरे देईल, अशी स्थिती नव्हती. डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती.

ती वाट वस्तीतील स्त्रियांनीच तयार केली. निरोध वाटणारी, आजारी बाईस दवाखान्यात नेणारी, तिच्याशेजारी बाकावर बसून राहणारी कार्यकर्ती त्याच वस्तीतील असे. १९९६ मध्ये या स्त्रियांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, आकारास आली. नावातील ‘वेश्या’ हा शब्द जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. सभ्य पर्यायी शब्द योजून अन्याय कमी होत नाही, असा त्यामागचा रोकडा व्यवहारी विचार दिसतो. संग्रामने आपली जी सूत्रे मांडली त्यांत दोन येथे महत्त्वाची आहेत : आपल्यासाठी योजलेल्या कामाला होकार वा नकार देण्याचा लोकांना अधिकार आहे, आणि ज्यांना आपण कळत नाही अशा बाहेरच्यांकडून ‘सोडवले’ न जाण्याचाही अधिकार आहे.

संशोधनाच्या परिभाषेत बोलायचे तर पहिले सूत्र म्हणजे माहितीपूर्ण संमतीच होय. फरक इतकाच की संशोधन-प्रस्तावात संमती ही सही वा अंगठ्याची जागा असते. वस्तीत ती रोज नव्याने मिळवावी लागते आणि रोज गमावताही येते. असा विश्वास तयार होण्यास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांसाठी कोणत्याही अनुदानात खर्चाचे शीर्षक नसते. प्रवास, छपाई, प्रशिक्षण, मानधन यांची शीर्षके असतात. कार्यक्रमाच्या निकषानुसार पुढे साधारण ६० स्त्रियांमागे एक ‘पिअर’ असे प्रमाण ठरले. मोजता येण्याजोगे तेवढे त्यात आले. मध्यरात्री पोलीस ठाण्यात गेलेली कार्यकर्ती कोणत्या रकान्यात लिहावयाची, याचे उत्तर त्यात नाही. दुसऱ्या दिवशी रक्तचाचणीस पंधरा बायका येतात त्या मात्र तिच्या त्या जाण्यामुळे येतात.

शपथ कोणाकडून?

अमेरिकेने २००३ मध्ये जागतिक एड्स-निधीविषयी जो कायदा केला त्यात दोन बंधने होती. एक, हा निधी वेश्याव्यवसायाच्या प्रसारासाठी वा त्यास कायदेशीर मान्यता मिळवून देण्यासाठी वापरू नये. दोन, निधी घेणाऱ्या संस्थेचे धोरणच वेश्याव्यवसायाच्या स्पष्ट विरोधात असावे. पहिले बंधन पैशांवर होते. दुसरे संस्थेच्या मुखावर. पहिल्याचे समर्थन दात्याच्या हक्काच्या आधारे करता येईल. दुसऱ्याचा परिणाम असा की वस्तीतील स्त्रियांनी चालविलेल्या संघटनेशी बांधील असलेल्या संस्थेने त्याच स्त्रियांच्या उपजीविकेविरुद्ध लेखी भूमिका घ्यावयाची आणि नंतर त्यांच्या दारात जाऊन आरोग्यविषयक प्रश्न विचारावयाचे. संग्रामने २००५ मध्ये हे नाकारून अमेरिकी निधीचा मार्ग बंद केला. ब्राझीलच्या शासनाने त्याच वर्षी याच कारणास्तव सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले, हे सर्वश्रुत आहे. राष्ट्राचा नकार वृत्तपत्रांत गाजला. सांगलीचा नकार अभ्यासकांपुरता राहिला.

या कायद्यातील एक तपशील मात्र अभ्यासकांच्या चर्चेतही पुरेसा आलेला नाही. २००४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने धोरणविषयक शपथेतून काहींना सूट देण्यात आली : जागतिक निधी, जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा आणि आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम. यांपैकी शेवटचे नाव अर्थपूर्ण आहे. लस शोधणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाविषयी मत बाळगण्याची आवश्यकता नाही, हे विधिमंडळास मान्य झाले. आणि ते योग्यच होते. फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत याच उपक्रमाच्या सहकार्याने भारतातील पहिली एड्स-लस चाचणी सुरू झाली. म्हणजे एकाच वर्षी, एकाच राज्यात, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या अंतरात, प्रयोगशाळेतील ज्ञानाला मौनाची मुभा होती आणि वस्तीतील ज्ञानाकडून शपथ मागितली जात होती.

हा भेद कायद्याच्या मसुद्यातील चूक म्हणून सोडून देता येत नाही. ज्ञान कोठे निर्माण होते याविषयीची एक पक्की समजूत त्यामागे आहे. प्रयोगशाळा ज्ञान निर्माण करते, म्हणून तिला स्वायत्तता हवी; समुदायाधारित संस्था केवळ सेवा पोहोचविते, म्हणून तिने दात्याच्या शब्दांत बोलण्यास हरकत नसावी. सांगलीचा अनुभव या समजुतीस छेद देतो. प्रयोगशाळेचे मत बदलले तरी तिची उपकरणे चालतात. येथे मात्र उपकरण म्हणजेच विश्वास होता आणि शपथेचा आघात नेमका त्यावर होणार होता.

त्याच वर्षी मे महिन्यात गोकुळनगरात पोलिसांनी छापा घातला. त्यामागे एका अमेरिकी बचाव-संस्थेचा पुढाकार होता. एका परदेशी निधीने उभारलेली आरोग्ययंत्रणा आणि दुसऱ्या परदेशी निधीने प्रेरित केलेला छापा एकाच गल्लीत समोरासमोर आले. अशा छाप्यांनंतर स्त्रिया पांगतात, उपचार तुटतात, निरोध जवळ बाळगणे हाच पुरावा होईल या भीतीने ते टाकून दिले जातात. संसर्गाच्या दृष्टीने हे निरीक्षण मोलाचे आहे, पण ते त्यावेळी संशोधन मानले गेले नाही. तक्रार मानली गेली. पुढे १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत छाप्यांच्या वेळी प्रौढ आणि स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना त्रास देऊ नये, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये, हे आले. वस्तीत ते सतरा वर्षे आधी माहीत होते.

दुसरी बाजू

संग्रामच्या भूमिकेचे कौतुक करताना दोन आक्षेप बाजूस सारता येणार नाहीत. पहिला पद्धतिशास्त्राचा. समुदायाच्या संस्थेमार्फत झालेला अभ्यास त्या संस्थेच्या ओळखीतील स्त्रियांपर्यंतच पोहोचतो. नव्याने आलेली, परभाषी, मालकिणीच्या धाकात असलेली स्त्री तेथेही अदृश्य राहण्याचा संभव असतो. संग्रामने २०१८ मध्ये ‘रेडेड’ हा अहवाल प्रसिद्ध केला. छाप्यांत उचलल्या गेलेल्या स्त्रियांशी बोलून तो तयार झाला असून त्यांपैकी बहुसंख्यांनी आपण स्वेच्छेने या व्यवसायात असल्याचे सांगितले. अहवाल करणारी संस्था या वादात पक्षकार आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवलेच पाहिजे. मात्र ‘सुटका केलेल्यां’ची संख्या जाहीर करणाऱ्या बचाव-संस्थाही तितक्याच पक्षकार असतात आणि त्यांच्या आकड्यांस हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

याउलट रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी केलेली, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी पाहावी. १४ राज्यांतील सुमारे ३००० स्त्रियांचा तीत समावेश होता. प्रश्न अर्थशास्त्राच्या शिस्तीत बांधलेले होते आणि पोहोच संघटनांच्या जाळ्यातून मिळाली होती. यातील अनेक स्त्रिया त्याआधी शेतमजुरी, घरकाम, बांधकाम अशी अल्प मोबदल्याची कामे करीत होत्या, हे त्यातून पुढे आले. ‘या व्यवसायात कशी आलीस’ याऐवजी ‘याआधी कोणते काम करीत होतीस आणि किती मिळत होते’ हा प्रश्न विचारल्यामुळे ते दिसले. विद्यापीठ आणि वस्ती यांच्या सहकार्याचे याहून चांगले उदाहरण या विषयात सहजी सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. नकार देणे ही ऐपतीची गोष्ट आहे. २००५ पर्यंत संग्रामला अन्य दाते होते, नाव होते. शेषू यांना २००२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचचा सन्मान मिळालेला होता. सातारा जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेपुढे तेच प्रतिज्ञापत्र आले असते तर? तिने सही केली असती, आणि तिला दोष देणे अवघड झाले असते. धाडसावर अवलंबून असलेली स्वायत्तता ही व्यवस्था म्हणता येत नाही.

साताऱ्याचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावा लागतो. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने गर्भलिंगनिदानाविरुद्ध गर्भवती स्त्रियांना सोनोग्राफी केंद्रांत पाठवून पुरावे गोळा करण्याची पद्धत रूढ केली. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यातील बाल-लिंगगुणोत्तर हजार मुलांमागे ८५१ मुली इतके खाली होते. आकडा जनगणनेने दिला. तो कोणत्या खोलीत, किती पैशांत, कोणत्या खुणेच्या भाषेत घडतो हे त्या गर्भवती स्त्रियांनी दाखविले. नंतर साक्षीसाठी तारखांमागून तारखा पडत राहतात आणि पोटातील मूल शाळेत जाऊ लागते. इतका काळ चालणारा प्रकल्प कोणत्याही दात्याच्या नमुना-अर्जात बसत नाही.

अटींचे नवे रूप

शपथेचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली. २०२० मध्ये परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही असाही निर्णय दिला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी परकीय साहाय्य गोठविले गेले आणि १ जुलै रोजी ‘यूएसएड’चे कामच संपुष्टात आले. १ मे २०२५ रोजी तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी उप-अनुदानांची जुनी पद्धत थांबविली.

आपल्याकडील स्थितीही या संस्थांना अनुकूल नाही. परकीय अंशदान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीस परकीय निधी वर्ग करण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संशोधन संस्थेने निधी घ्यावा आणि सांगली-साताऱ्यातील लहान संस्थेस तिचा वाटा द्यावा, ही वाट त्यामुळे मिटली. लहान संस्थेतील कार्यकर्तीचे मानधन ‘प्रशासकीय’ की ‘कार्यक्रमाचे’, हा वाद लेखापरीक्षकापुढे नित्याचा झाला. कंपनी कायद्याच्या सामाजिक दायित्व निधीतून संशोधनासाठी जी तरतूद आहे तीही सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तत्सम संस्थांकडे वळते. २००४ च्या अमेरिकी दुरुस्तीतील समजूतच येथे वेगळ्या भाषेत पुन्हा भेटते.

या प्रदेशातील महाविद्यालये या व्यवहाराबाहेर नाहीत. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी संशोधन प्रकल्पांस गुण दिल्यापासून वस्त्यांत प्रश्नावल्या घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढली. प्राध्यापकास गुण मिळतात, विद्यार्थ्यास पदवी मिळते. दार उघडून देणाऱ्या संस्थेस ऋणनिर्देशात एक ओळ मिळते आणि निष्कर्षांची प्रत बहुधा तीही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाशी सल्लामसलत, लाभातील वाटा आणि निष्कर्ष परत पोहोचविणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नैतिकता समितीवर एक सर्वसामान्य नागरिक सदस्य असावा, हेही त्यांत आहे. ही जागा अनेकदा एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या वा प्रतिष्ठित गृहस्थाच्या नावाने भरली जाते. मिरज वा कराड येथील एखाद्या समितीने ती वस्तीतील अनुभवी कार्यकर्तीस देण्यात नियमाची कोणतीही आड नाही. बैठकीस येण्याचा तिचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाचा मोबदला यांची तरतूद तेवढी अर्थसंकल्पात करावी लागेल.