पडदा पडला म्हणून वही मिटू नका

समजा, तुम्ही हौशी रंगभूमीवर पीएच.डी. करताय आणि उत्सवातलं नाटक बघायला मिरजोळ्यात गेलात. रत्नागिरी शहराला लागूनच असलेलं गाव. नाटक मध्यरात्र उलटून गेल्यावर संपलं. तुम्ही टिपणं काढलीत, फोटो घेतलेत आणि पडदा पडताच गाडीला किक मारलीत. माझ्या मते तुमचं निम्मं फील्डवर्क तिथेच राहिलं.

असं का म्हणतोय? रिचर्ड शेकनर यांनी १९८५ च्या ‘बिट्विन थिएटर अँड अँथ्रोपॉलॉजी’ या पुस्तकात सादरीकरणाचे सात टप्पे मांडलेत: प्रशिक्षण, कार्यशाळा, तालीम, प्रयोगाआधीची तयारी, प्रयोग, प्रयोगानंतर निवणं आणि मागे उरणारे परिणाम. अभ्यासक फक्त प्रयोगच बघतात, ही त्यांची तक्रार. ती आपल्यालाही लागू आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण ५ नोव्हेंबर १८४३ पासून, म्हणजे सांगलीतल्या ‘सीता स्वयंवर’पासून मोजतो. पहिल्या प्रयोगाची तारीख तोंडपाठ, शेवटच्या प्रयोगाचं कुणी विचारत नाही.

पण शेकनर यांचा आराखडा जसाच्या तसा उचलू नका. दोन ठिकाणी तो अडतो.

एक, ‘शेवटचा प्रयोग’ ही कल्पना मुळात व्यावसायिक नाटकाची. गावच्या नाटकाचा बऱ्याचदा एकच प्रयोग होतो. राज्य हौशी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतही संघाला एकच संधी असते. म्हणजे पहिला दिवस तोच शेवटचा! इथे संपतं ते नाटक नव्हे, तालमींच्या निमित्ताने रोज रात्री जमणारी माणसं पांगतात. मुंबईकर तर दुसऱ्या दिवशी गाडी पकडतात.

दोन, निवणं म्हणजे भूमिकेतून रोजच्या जगण्यात परतणं. पण इथे प्रेक्षक शेजारीच असतात. नट स्टेजवर असतानाही ‘अमक्याचा मुलगा’ असतो, आणि उतरल्यावर भूमिकेचं नाव त्याला वर्षभर चिकटू शकतं. ही सीमा इतकी स्वच्छ नसते.

मग थांबून बघायचं काय? पडदे कोण सोडतं? लाइटवाल्याचं, मेकअपवाल्याचं भाडं चुकवायला कमी पडलेले पैसे कोण घालतं? हिशेबाला कोण बसतं आणि चहाचे कप कोण विसळतं? काम केलेल्या बायका तोवर घरी गेलेल्या असतात का? पुढच्या वर्षी कुठल्या वाडीला काम मिळणार, हे कोण ठरवतं? नाटकात समतेची भाषणं असतील. ती गावात किती मुरली, ते या तासाभरात कळतं.

एक सावधगिरी. हा तास त्यांचा खासगी असतो. भांडणं होतात, कुणी रडतं. रेकॉर्डर बंद ठेवा, आधी विचारा, आणि नको म्हणाले तर निघा. प्रबंधात एक परिच्छेद कमी झाला तरी चालेल.

आणि हो, नाटकावरही नीट लिहा. ‘गावकऱ्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा’ ही समीक्षा नव्हे, पाठीवर मारलेली थाप आहे. संवाद ऐकू येत होते का, दुसरा अंक का रेंगाळला, हे सांगा. महिनाभर जागून तालमी केलेल्या माणसांचा तेवढा हक्क आहे.

पुढच्या वेळी पडदा पडला की खुर्च्या उचलायला हात लावा. पहिला प्रश्न तिथेच सुचेल.