वाहनगणना आणि प्रवासमागणी : एका अनुमानपद्धतीचे परीक्षण

रस्त्यावरील वाहने मोजणे सोपे. परंतु ती कोठून निघाली व कोठे जाणार, हे मोजणीवरून कळत नाही. घरोघर चौकशी न करता केवळ गणनेवरून स्थळास्थळांमधील प्रवासांची सारणी मांडता येईल काय, या प्रश्नाला फान झाउलेन आणि विलुमसेन यांनी १९८० साली 'ट्रान्स्पोर्टेशन रिसर्च' या नियतकालिकात दिलेले उत्तर या विषयात पायाभूत ठरले. गणनेशी जुळणाऱ्या अनेक सारण्यांपैकी जी सर्वाधिक प्रकारांनी घडून येऊ शकते, म्हणजेच जिची एन्ट्रॉपी महत्तम, ती स्वीकारावी, हे त्याचे सार होय. अल्प सामग्रीतून एकच निश्चित उत्तर काढण्याची ही युक्ती निःसंशय मोलाची आहे. तथापि तिच्या यशाची जी कसोटी व्यवहारात लावली जाते, ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

त्यासाठी एक लहानसे उदाहरण पुरेसे आहे. अ आणि ब या गावांतून प्रत्येकी १०० वाहने निघतात, एकाच सामाईक रस्त्याने जातात आणि क व ड येथे प्रत्येकी १०० पोहोचतात. अ ते क हे प्रवास ० मानले, ५० मानले वा १०० मानले, तरी पाचही रस्त्यांवरील गणना तंतोतंत जुळते. सामाईक रस्त्यावरील २०० हा आकडा नवीन काहीच सांगत नाही. महत्तम एन्ट्रॉपीचे तत्त्व ५० हे उत्तर देते. परंतु ते मोजणीतून आलेले नसून, अन्य माहितीच्या अभावी कोणत्याही गंतव्याला झुकते माप देऊ नये, या गृहीतातून आलेले आहे. उद्या अ आणि क यांना जोडणारा थेट रस्ता बांधावयाचा की नाही हे ठरविताना मात्र ० आणि १०० यांतील भेद हाच सारा प्रश्न असतो.

तेव्हा गणनेशी जुळणे हे सारणीच्या सत्यतेचे प्रमाण नव्हे. ५० विभागांच्या जाळ्यात २४५० जोड्या अज्ञात असतात; मोजलेले रस्ते सहसा त्याहून पुष्कळच कमी. मूळ लेखकांना ही उणीव ठाऊक होती. म्हणूनच जुन्या सारणीचा आधार घेण्याची सोय त्यांनी ठेवली. काशेत्ता यांनी १९८४ मध्ये ती सारणी व गणना या दोहोंतील प्रमाद हिशेबात घेतले. यांग, ईदा आणि सासाकी यांनी १९९१ मध्ये अनुमानातील प्रमादाची कमाल मर्यादा काढण्याचा मार्ग दाखविला.

या सुधारणांचा खरा बोध असा की, अंतिम सारणीतील किती अंश गणनेने सिद्ध होतो आणि किती अंश जुन्या सारणीवर विसंबून आहे, हे प्रत्येक अहवालात वेगळे सांगितले पाहिजे. ते न सांगितल्यास गृहीतच मोजमापाचा वेष घेऊन रस्त्यांचे भवितव्य ठरवू लागते.