मिठागराच्या फोटोत मिठागर कुठंय?

भांडुप-मुलुंडकडचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पुढे फ्लेमिंगो, मागे टॉवर, पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. सुंदर असतात, वाद नाही. आमची तक्रार एवढीच, की त्यात मिठागर दिसत नाही. नुसतं पाणी दिसतं.

उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, शेवटच्या उथळ खणात मीठ धरलं की ओढून ढीग घालायचे. पाऊस यायच्या आत. ते चौकोन माणसांनी बांधलेत. फोटोत मात्र जणू खाडीनंच आखलेत!

ख्रिस किलिप यानं १९८०च्या दशकात इंग्लंडच्या लाइनमथ किनाऱ्यावर फोटो काढले. खाणीचा कचरा समुद्रात जायचा, त्यातला कोळसा लाटांबरोबर परत यायचा. लोक घोडागाड्या पाण्यात घालून तो गोळा करत. किलिप त्यांच्यातच कॅरॅव्हॅनमध्ये राहिला. म्हणून त्याचा किनारा उजाड असूनही रिकामा वाटत नाही. तिथे कुणीतरी पोट भरतंय.

आपल्याकडे २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरं धारावी पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं. घरं हवीतच. पण 'रिकामीच तर जमीन आहे' हे वाक्य इतकं सहज गळी उतरतं, त्यात या फोटोंचाही हात आहे, असं आम्हाला वाटतं. विरोध करणारेही बहुतेकदा पक्षीच दाखवतात. मीठ ओढणारा दोन्हीकडून बाहेर.

मीठ थांबलं असेल तिथे निदान बांध घ्या, पाण्याची उघाडी घ्या. फ्लेमिंगोची मान थोडी कापली गेली तरी चालेल.