चाक वर की सिंह वर?

मी समीक्षक नाही. सूतगिरणीत रिंग खात्याला आहे. तुटलेलं सूत जोडणं हे माझं काम. पण कविता वाचताना आपण बघतोच ना, की काय ठेवलं आणि काय गाळलं? तसाच देशाचा झेंडा आणि राजमुद्रा वाचायला काय हरकत आहे? त्याला कुठल्या विद्यापीठाचा दाखला लागत नाही.

गेल्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या भिंतीवर अशोकचक्र रंगवत होतो. एक कार्यकर्ता म्हणाला, "झेंड्यावरचं चक्र आपलं, नोटेवरचे सिंह आपले. आणखी काय पाहिजे रे तुला?" टाळ्या पडल्या. मी ब्रश हातात धरून गप्प. तेव्हा बोललो नाही ते इथं लिहितो.

आधी झेंडा. जून १९४७ मध्ये झेंड्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, आणि सभासदांत बाबासाहेब. एवढं कागदावर आहे. त्यापुढं जाऊन 'चक्र एकट्या बाबासाहेबांनी आणलं' असं सभेत ठोकून देऊ नये; पुराव्याला सोडून बोलणं ही त्यांची शिकवण नव्हे. २२ जुलै १९४७ ला नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला. आधीच्या काँग्रेसच्या झेंड्यावर अख्खा चरखा होता. नेहरूंनी कारण दिलं की झेंडा दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे. चरख्याची एका अंगाला चाक, दुसऱ्या अंगाला चाती, म्हणजे मागून बघणाऱ्याला उलटं दिसणार. म्हणून चाती काढली, चाक ठेवलं. आणि ते चाक घेतलं सारनाथच्या अशोकस्तंभावरचं.

आम्हा गिरणीवाल्यांना ठाऊक आहे, सूत चाकावर होत नाही, चातीवर होतं. पण असो. काहींना त्या चाकात अजून चरखाच दिसतो. आपल्याला दिसतं ते बुद्धाचं धम्मचक्र, सारनाथला पाच परिव्राजकांना पहिला उपदेश करून फिरवलेलं. एक चाक, वाचन दोन. चाती झेंड्यावरून गेली तरी नियमातून गेली नाही. झेंड्याला हातानं कातलेलं, हातानं विणलेलंच कापड लागायचं. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, मग यंत्रावरचं कापड आणि पॉलिस्टरही चालू झालं. तोवर गिरणीचं सूत चादरीला चालायचं, कफनाला चालायचं, देशाच्या झेंड्याला चालत नव्हतं. राबणाऱ्याला असलं 'चालत नाही' काही नवीन नाही.

आता राजमुद्रा. सारनाथच्या खोदकामात १९०४-०५ साली ते सिंहशीर्ष सापडलं. चार सिंह पाठीला पाठ लावून उभे. पायाखाली गोल पट्टी, तिच्यावर हत्ती, बैल, घोडा, सिंह आणि मधेमधे चक्रं. सगळ्यांत खाली उलटं कमळ. आणि वर? सिंहांच्या डोक्यावर एक मोठं चक्र होतं, ३२ आऱ्यांचं. त्याचे फक्त तुकडे हाती लागले. म्हणजे मूळ रचना बघा. सिंह म्हणजे बळ, सत्ता. आणि ती सत्ता चक्र डोक्यावर वाहत होती. धम्म वर, सत्ता खाली.

२६ जानेवारी १९५० ला सरकारनं मुद्रा स्वीकारली तेव्हा ते फुटलेलं चक्र तिच्यात आलं नाही. कमळ गाळलं. खाली मुण्डक उपनिषदातलं 'सत्यमेव जयते' घातलं. उरलं काय? सिंह वर, चक्र पायाशी. हे कुणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. जसं सापडलं तसं उतरवलं. पण चित्र बोलायचं ते बोलतंच. कचेरीत एका कागदासाठी चार खेटे घालणाऱ्या म्हातारीला त्या कागदावर आधी सिंह दिसतात. चक्र शोधावं लागतं.

दोनच महिने आधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी घटना समितीला बजावलं होतं. २६ जानेवारीपासून राजकारणात समता येईल, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमताच राहील. ही विसंगती लवकर मोडली नाही तर ती सोसणारे लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील. मला वाटतं, संविधान म्हणजे सिंहांच्या डोक्यावर ते चक्र परत ठेवण्याची खटपट. सत्तेच्या वर कायदा. झेंड्यावर चक्र आहे, सिंह नाहीत. म्हणून मुद्रेपेक्षा झेंडा मला जवळचा.

इथवर दुसऱ्यांना झोडलं. टाळ्या मिळतील. आता आपलं बघू.

त्याच सारनाथच्या खांबावर अशोकाचा लेख आहे, ब्राह्मी अक्षरांत. त्यात सिंहांचं कौतुक नाही. त्याचं सांगणं असं की संघ कुणी फोडू नये. जो भिक्खू वा भिक्खुणी संघ फोडील, त्याला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर राहायला लावावं. आणि पुढं आज्ञा आहे की याची एक प्रत उपासकांजवळही ठेवा. उपासक म्हणजे कोण? आपणच की. लेख भिक्खुसंघासाठी होता हे खरं, पण प्रत आपल्या नावानं निघालेली आहे.

आपण खांबावरचे सिंह घेतले, चक्र घेतलं, बॅनरवर छापलं. लेख तिथंच सोडला. एका जयंतीला दोन मिरवणुका, दोन वर्गण्या, आणि दोन्हींच्या पुढं तेच चक्र. सरकारनं वरचं चक्र गाळलं म्हणून बोंबलायचं, आणि खालची अक्षरं आपणच गाळायची?

वस्तीतलं चक्र अजून अर्धंच आहे. पुरं झालं की त्याच्याखाली तो लेख सोप्या मराठीत लिहिणार. दोन्ही गटांच्या पोरांनी यावं. रविवारी, पहिली पाळी सुटल्यावर. ब्रश कमी आहेत, ज्याचा त्यानं आणावा.