नावातला 'या'

आपल्या कथांत एक जोडी ठरून गेली आहे. सोसणारा बाप धोंडिबा आणि बंड करणारा मुलगा सिद्धार्थ. नाव वाचले की माणूस कळलाच, असे लेखकाने गृहीत धरलेले असते. या सोयीमागे एक प्रमेय आहे. शूद्राचे नाव जुगुप्सित असावे असे मनूने सांगितले, म्हणून आपल्या पूर्वजांच्या वाट्याला दगडू, धोंडू, कचरू ही नावे आली. वर्गात मीही वर्षानुवर्षे हेच शिकवले. आता मला ते अर्धेच पटते.

मनूचे वचन खरेच आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे किळसवाणे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, ते योग्यच झाले. पण मग धोंडो केशव कर्वे यांचे काय करायचे? चित्पावनांच्या घरांतही धोंडो होते, भिकाजी होते. मुले जगत नसत. काळाची नजर पडू नये म्हणून आईबाप पोराला दगड म्हणत, भिकेत मिळालेले म्हणत, उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणत. माझे वडील असेच कचरू झाले. त्यांच्याआधीची तीन भावंडे गेली होती. त्या नावात मनूची आज्ञा नव्हती, माझ्या आजीची भीती होती. शाळेत माझे पूर्ण नाव पुकारले की वर्ग हसे, गुरुजीही हसत. पुढे कित्येक वर्षे मी वडिलांचे नाव 'क.' एवढ्यावरच भागवले.

मग विटंबना होती कोठे? ती हाकेत होती. कर्व्यांचे धोंडोपंत होतात, अण्णासाहेब होतात. महारवाड्यातला धोंडू केस पिकले तरी धोंड्याच. पाटलाचे शेंबडे पोरही त्याला तशीच हाक मारी आणि त्याने 'जी' म्हणून उभे राहायचे. हा 'या' मनूच्या श्लोकात नाही, गावाच्या तोंडात आहे. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवारला पुरून टाकले नाही, समोर बसवून बोलते केले. त्यांच्यामागून लिहिणाऱ्या अनेकांना एवढे जमले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर घरोघर गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा आल्या. त्याआधीच अशी नावे महाविद्यालयांच्या कमानींवर लागली होती. मुंबईचे सिद्धार्थ १९४६ चे. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या महाविद्यालयाचे मिलिंद हे नावही धर्मांतराआधीचे. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. ज्यांना प्रश्न विचारायची बंदी, त्यांनी पोराला हे नाव ठेवावे!

पुढे ही नावे सवर्णांच्या घरांतही रुळली. नुसत्या राहुलवरून जात कळेना, म्हणून खोली पाहायला गेलेल्या पोराला 'पुढे काय?' असे विचारतात. आडनाव सांगितले की खोली कालच दिलेली असते.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. सोबत मुलगा होता. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "ये सिद्ध्या, कचऱ्याचा नातू ना रं तू?"

"सिद्धार्थ," मुलगा म्हणाला. "कचरूबाबांचा नातू."